समुद्रकांसवाचें शरीर

कमरेइतक्या पाण्यांतून धांवण्याचा यत्न ज्यानें केला असेल, त्यास पाणी किती अडवितें हें सांगावयास नको. पाणी हवेच्या सुमारें ८०० पट दाट आहे. म्हणून पाण्यांत आयुष्य काढणाऱ्या प्राण्याच्या शरीरास हा अडथळा कमी करावा लागतो, पुढें जाण्यास जोर मिळवावा लागतो, आणि श्वासाचीही सोय पाहावी लागते. कोंकणच्या किनाऱ्यावर हिवाळ्यांत अंडीं घालावयास येणाऱ्या ऑलिव्ह रिडले नांवाच्या समुद्रकांसवाच्या शरीरांत ही सोय कशी झाली आहे, तें आम्ही येथें सांगतों.

तळ्यांतील कांसवास काठी लागतांच तें मान व पाय कवचांत ओढून घेतें. समुद्रकांसवास असें करतां येत नाहीं. त्याचें सुमारें ६० ते ७० सेंटिमीटर लांबीचें कवच बेताच्या उंचीचें व मागें निमुळतें असल्यामुळें पाणी त्यावरून सहज सरकतें. परंतु त्यांत अवयव लपविण्यापुरती जागा उरत नाहीं. वेगासाठीं त्यानें आसरा सोडला, असेंच म्हणावें लागेल.

त्याच्या पुढच्या पायांचीं बोटें लांब असून एकाच कातडीनें वेढलेलीं आहेत. पक्षी पंख हालवितो तसे तें हे पाय खालींवर हालवून पुढें जातें. मागचे पाय सुकाणूचें काम करतात. आणि मादी त्यांनींच वाळूंत खड्डा खणून सुमारें १०० अंडीं घालते. खाऱ्या पाण्याबरोबर पोटांत गेलेलें जास्त मीठ डोळ्यांजवळील ग्रंथींतून बाहेर पडतें. किनाऱ्यावर मादी रडतांना दिसते, तें ह्यामुळें.

मात्र एका बाबतींत हा प्राणी माशाहून अगदीं भिन्न आहे. माशास कल्ले आहेत. कांसवास आपल्याप्रमाणें फुप्फुसें आहेत. तें पुष्कळ वेळ पाण्याखालीं राहूं शकतें, तरी श्वासासाठीं त्यास वर यावेंच लागतें. मासेमारीच्या जाळ्यांत अडकलें म्हणजे तें धडपडतें, सांठविलेला प्राणवायु लवकर संपतो, आणि पोहण्यासाठीं घडलेला हा जीव पाण्यांतच बुडून मरतो.

हें टाळतां येण्याजोगें आहे. ट्रॉलरच्या जाळ्यांत गजांची चौकट व बाहेर पडण्याची वाट ठेविल्यास मासे आंत राहतात आणि कांसव निसटतें. रत्नागिरी जिल्ह्यांतील वेळास गांवीं २००२ पासून सह्याद्रि निसर्ग मित्र ह्या संस्थेनें गांवकऱ्यांच्या साहाय्यानें घरट्यांचें रक्षण आरंभिलें. १९७२ च्या कायद्यानेंही ह्या प्राण्यास संरक्षण आहे.

विद्यार्थिमित्रांनो, जाळ्यांतून निघालेलें कांसव निश्चल दिसलें, तरी तें मेलेंच असेल असें नाहीं; पुरेसा वेळ मिळाल्यास कधीं कधीं तें पुन्हा श्वास घेऊं लागतें. म्हणून त्यास पाण्यांत लोटूं नका, सावलींत ओलें ठेवा आणि वडिलांकडून वनखात्यास ताबडतोब कळवा. त्या शरीराची रचना ज्यास समजली, त्याच्या हातून त्याचा जीव वांचण्याचा संभव अधिक.