डोळ्यामागची दाटी

थायरॉइडचा त्रास आणि बटबटीत डोळे ही जोडी जुनी आहे. जर्मनीतल्या कार्ल फॉन बासेडोव्ह या डॉक्टरनं १८४० मध्ये फुगलेला गळा, धडधडणारं हृदय आणि बाहेर आलेले डोळे ही तीन लक्षणं एकत्र मांडली. तेव्हापासून सगळ्यांची नजर बाहेर आलेल्या डोळ्यावरच खिळलेली आहे. दृष्टी हिरावणारी गोष्ट मात्र डोळ्याच्या मागे घडते, आणि डोळा फारसा बाहेर आलेला नसतानाही घडू शकते. हे रुग्णाच्या नातेवाइकांना समजावून सांगायलाच हवं.

डोळ्याची हाडांची खोबण जेमतेम ३० मिलिलिटरची. त्यातले सात मिलिलिटर डोळ्याचे. उरलेल्या जागेत स्नायू, चरबी, नसा आणि रक्तवाहिन्या. थायरॉइडवर उलटलेली प्रतिपिंडं खोबणीतल्या पेशींनाही चेतवतात. मग तिथे पाणी धरून ठेवणारं हायल्युरॉनिक आम्ल साचतं, डोळा फिरवणारे स्नायू सुजून जाड होतात. हाड तर तसूभरही सरकत नाही. डोळ्याला पुढे यायला वाव असेल तर आतला ताण थोडा सुटतो. पापण्यांची बाजू घट्ट असेल, तर सगळा दाब खोबणीच्या मागच्या निमुळत्या टोकाशी जमतो. दहा लाखांहून अधिक तंतूंची दृष्टीची नस तिथूनच मेंदूकडे जाते. थायरॉइडमुळे डोळ्यांचा त्रास झालेल्या रुग्णांपैकी साधारण पाच टक्क्यांमध्ये ती चेपली जाते.

दृष्टिपटलाची मुख्य रोहिणी डोळ्याच्या मागे सुमारे एक सेंटिमीटरवर याच नसेत शिरते. परतीचं रक्त नेणाऱ्या शिरांनाही या दाटीतूनच वाट काढावी लागते. म्हणून दृष्टिपटलाच्या केशवाहिन्यांकडे संशोधकांचं लक्ष गेलं. पूर्वी त्या पाहायच्या तर हाताच्या शिरेत रंगद्रव्य टोचावं लागे. ही पद्धत १९६१ मध्ये नोव्होटनी आणि अल्व्हिस यांनी प्रसिद्ध केली. आता ओसीटी अँजिओग्राफी ही प्रकाशावर चालणारी तपासणी सुईशिवाय होते. यंत्र एकाच जागेवरून पुन्हा पुन्हा प्रकाश फिरवतं. स्थिर ऊती दर वेळी सारख्याच दिसतात, वाहत्या रक्तपेशींचा संकेत बदलतो. त्या फरकातून रक्तवाहिन्यांचा नकाशा उमटतो.

चेपलेल्या नसेच्या रुग्णांमध्ये नसेच्या मुखाभोवतीचं, म्हणजे ती डोळ्याला जोडलेली असते तिथलं, केशवाहिन्यांचं जाळं विरळ झालेलं आढळतं. नुसती सूज असलेल्या डोळ्यांचे निष्कर्ष मात्र एकमेकांशी जुळत नाहीत: काही अभ्यासांत जाळं दाट, काहींत विरळ. शिवाय रक्त कमी पडलं म्हणून तंतू मेले, की तंतू मेल्यामुळे रक्ताची गरज घटली, हे एका चित्रावरून ठरत नाही. त्यामुळे या तपासणीला मी निकाल म्हणणार नाही. पण त्याच रुग्णाचे महिन्यामहिन्यांचे नकाशे शेजारी ठेवले तर ती मोलाची साक्ष देऊ शकते.

यंत्र हाताशी नसलं तरी एक खूण घरात कळते. एकेक डोळा झाकून लाल वस्तू पाहावी. एका डोळ्याला तो लाल फिका, मळकट वाटला तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. डोळ्याच्या आत पाहून नसेचं मुख निरोगी दिसलं, एवढ्यावर कुणी निर्धास्त राहू नये. नस चेपलेली असूनही अनेकांमध्ये ते तसंच दिसतं. सिगारेट-बिडीनं हा आजार बळावतो, ती तर लगेच सुटायला हवी.

नस चेपली असेल तर उपचारात आधी शिरेतून स्टेरॉइडचे मोठे डोस देतात. दोन आठवड्यांत दृष्टी सावरली नाही, तर नाकाच्या बाजूची खोबणीची पातळ भिंत काढून सुजलेल्या स्नायूंना शेजारच्या हवेच्या पोकळीत जागा करून देतात.