ख्रिस्तमंदिरातील व्यासपीठ आणि स्त्री

२०२५ साली दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी, ३ ऑक्टोबरला, विलायतेहून वार्ता आली की, कँटरबरीच्या आर्चबिशपपदी सेरा मुलाली यांची निवड झाली. इसवी सन ५९७ मध्ये संत ऑगस्टिनाने स्थापिलेल्या या पीठावर आजवर १०५ पुरुष आले. स्त्री ही पहिलीच. मुलालीबाई पूर्वी परिचारिका होत्या आणि इंग्लंडच्या मुख्य परिचारिका अधिकारी या पदापर्यंत पोचल्या होत्या. नऊ दिवस जगदंबेचे गुणगान करून गादीवरून नुकत्याच उतरलेल्या माझ्यासारख्या कीर्तनकाराला साहजिकच प्रश्न पडला: ज्या धर्माच्या ग्रंथात स्त्रियांनी मंडळीत मौन धरावे असे पौलाचे वचन आहे, तेथे स्त्री व्यासपीठावर आली कशी?

स्त्रीमुक्तीची चळवळ झाली म्हणून, असे उत्तर कोणीही देईल. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. घोषणांनी देवळाचे दार क्वचितच उघडते. ख्रिस्ती स्त्रियांनी आणि त्यांच्या बाजूच्या पंडितांनी मूळ ग्रंथच हाती घेतला, ही खरी गोष्ट. एलिझाबेथ केडी स्टँटन या अमेरिकन विदुषीने १८९५ मध्ये स्त्रियांच्या दृष्टीने बायबलावर भाष्य प्रसिद्ध केले, तेव्हा मताधिकारासाठी लढणाऱ्या तिच्याच संस्थेने पुढच्या वर्षी त्या ग्रंथाशी आपला संबंध नाही असा ठराव केला. स्वकीयांचा रोष असा असतो!

शब्दार्थाच्या या वादातील एक प्रकरण संस्कृतज्ञांनी मुद्दाम जाणून घ्यावे असे आहे. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सोळाव्या अध्यायात पौलाने अँड्रोनिकस आणि जूनिया अशा दोघांची नावे घेऊन प्रेषितांच्या संदर्भात त्यांचा गौरव केला आहे. ग्रीक भाषेत येथे द्वितीया विभक्ती आहे, आणि त्या रूपात स्त्रीचे नाव कोणते व पुरुषाचे कोणते हे केवळ स्वरचिन्हावरून ठरते. प्राचीन हस्तलिखितांत तर स्वरचिन्हेच नव्हती. चौथ्या शतकातील जॉन क्रिसोस्टम या महान प्रवचनकाराने ही स्त्रीच मानून तिची थोरवी गायिली. १६११ च्या इंग्रजी भाषांतरातही ती स्त्रीच होती. १८८१ च्या सुधारित भाषांतरात मात्र तिचा ‘जूनियास’ नावाचा पुरुष झाला! त्या काळच्या शिलालेखांत आणि ग्रंथांत असे पुरुषनाम कोठेही आढळलेले नाही. अखेर १९९८ मध्ये विद्वन्मान्य ग्रीक पाठात तिचे स्त्रीत्व तिला परत मिळाले. ‘इन्द्रशत्रु’ या शब्दाचा स्वर चुकला आणि इंद्राला मारणारा होऊ पाहणारा वृत्र इंद्राच्याच हातून मेला, ही कथा आपल्या परिचयाची आहे. स्वराच्या चुकीची किंमत तेथे वृत्राने मोजली. येथे मात्र ती दुसऱ्यांनाच मोजावी लागली.

या वादाचा एक धागा थेट आपल्या महाराष्ट्रापर्यंत येतो. पंडिता रमाबाई अनंतशास्त्री डोंगरे यांच्या कन्या. शास्त्रीबुवांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले म्हणून पंडितांचा रोष ओढवून घेतला होता. पुराण सांगत हे कुटुंब भारतभर फिरले, आणि १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंना ‘सरस्वती’ ही पदवी दिली. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या घटनेचे शल्य अनेक घरांत अजून आहे, हे मी जाणतो. परंतु पुढे काय झाले ते सहसा कोणी सांगत नाही. चेल्टनम येथील महिला महाविद्यालयात त्या शिकत होत्या आणि संस्कृत शिकवीतही होत्या. तेथे त्यांनी तरुण पुरुषांनाही शिकवावे असा विचार निघताच मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंनी मुख्याध्यापिका बील यांना कळविले की, आपण वा आपल्या आईने तरुणांना शिकविण्यास वडिलांनी आणि पतीने कधी हरकत घेतली नव्हती; ती इंग्रज मंडळींनी घ्यावी याचे नवल वाटते. धर्म बदलला तरी पुराणिकाच्या घरातली ती ताठ मान वाकली नाही, हे मला मोठे वाटते. पुढे केडगावी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि संपूर्ण बायबल त्यांनी अल्पशिक्षित स्त्रियांना समजेल अशा सोप्या मराठीत उतरविले. संस्कृतच्या या पंडितेने त्यात जड संस्कृत शब्द टाळले, हे विशेष! १९२२ मध्ये त्या गेल्या. १९२४ मध्ये तो ग्रंथ त्यांच्याच संस्थेच्या छापखान्यातून, आश्रमातील स्त्रियांच्या हातून, छापून निघाला.

वाचनाचा अधिकार असा मिळविता आला. दीक्षेचा मात्र दुसऱ्यांच्या हाती होता. महायुद्धाच्या धामधुमीत मकावमध्ये धर्मगुरूच उरला नाही, म्हणून २५ जानेवारी १९४४ रोजी बिशप हॉल यांनी फ्लॉरेन्स ली टिम-ओई या चिनी भगिनीस दीक्षा दिली. युद्ध संपले आणि वरिष्ठांची नाराजी सुरू झाली. १९४६ मध्ये तिने काम करण्याचा परवाना परत केला, दीक्षा मात्र सोडली नाही. इंग्लंडच्या धर्मसभेत ११ नोव्हेंबर १९९२ रोजी मतदान झाले. दोनतृतीयांश बहुमत आवश्यक होते, आणि गृहस्थ सभासदांच्या सभागृहात १६९ विरुद्ध ८२ असा कौल पडला. दोघांनी जरी मत फिरविले असते, तरी ठराव पडला असता. १२ मार्च १९९४ रोजी ब्रिस्टलच्या मंदिरात ३२ स्त्रियांना दीक्षा मिळाली. रोमन कॅथलिक पंथाने मात्र हे दार बंदच ठेवले आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्याच वर्षी मे महिन्यात, स्त्रियांना अशी दीक्षा देण्याचा अधिकार चर्चला नाही, असे निक्षून सांगितले.

आपल्याकडे चर्च ऑफ साउथ इंडियाने २०१३ मध्ये ई. पुष्पललिता यांना आंध्रातील नंद्यालच्या बिशपपदी बसविले. इंग्लंडच्या चर्चला पहिली स्त्री-बिशप मिळण्यास २०१५ साल उजाडावे लागले.