तृतीयपंथीयांना साथ देताना : सन्मान आशीर्वादापुरता नको

वाराणसीच्या पिशाचमोचन कुंडावर सप्टेंबर २०१६मध्ये, पितृपक्षात, किन्नर आखाड्याच्या वतीने दिवंगत तृतीयपंथीयांसाठी पिंडदान करण्यात आले. मूळच्या ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांनी या विधीचे नेतृत्व केले. जिवंतपणी घराने ज्यांना दूर लोटले, त्यांच्या नावे मृत्यूनंतर पिंड ठेवणारेही सहसा कोणी नसते. त्यामुळे या विधीला सामाजिक अर्थही होता. याच शहरातील कमच्छा भागात फेब्रुवारी २०२१मध्ये तृतीयपंथीयांसाठी स्वतंत्र सार्वजनिक प्रसाधनगृह सुरू झाले. इतरांना सहज मिळणाऱ्या गोष्टीही या समाजाला किती उशिरा मिळतात, हे या दोन्ही घटनांतून दिसते.

उत्तर भारतात बाळाचा जन्म वा विवाह झाला की किन्नर ‘बधाई’ गाण्यास येतात. त्यांचा आशीर्वाद शुभ मानला जातो. मात्र त्यांनीच भाड्याने खोली मागितली, तर अनेकदा नकार मिळतो. २०११च्या जनगणनेत देशातील ४,८७,८०३ व्यक्तींची लिंगाच्या रकान्यात ‘इतर’ अशी नोंद झाली. त्यांपैकी १,३७,४६५ उत्तर प्रदेशातील, तर ४०,८९१ महाराष्ट्रातील होत्या. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी तृतीयपंथीयांच्या ओळखीला कायदेशीर मान्यता दिली. पुढे २०१९च्या कायद्याने शिक्षण, नोकरी, आरोग्यसेवा व निवास यांबाबत त्यांच्याशी भेदभाव करण्यास मनाई केली. या तरतुदी व्यवहारात उतरण्यासाठी समाजाची साथ आवश्यक आहे.

ही साथ कशी द्यावी?

संबोधन : व्यक्ती स्वतःचे जे नाव सांगते, तेच वापरावे. मराठीत ‘आलास’ की ‘आलीस’ हा प्रश्न लगेच उभा राहतो. ‘तुम्ही आलात’ म्हटल्यास तो सुटतो आणि आदरही राखला जातो. त्या व्यक्तीविषयी तिच्या अनुपस्थितीत बोलतानाही तिने निवडलेलेच लिंग वापरावे.

खासगीपणा : शरीर वा शस्त्रक्रियेविषयी प्रश्न विचारू नयेत. कोणी विश्वासाने स्वतःची ओळख सांगितली असेल, तर संमतीवाचून ती इतरांपर्यंत पोहोचवू नये.

घर आणि काम : घरमालकाने भाडेकरूची पारख इतरांना लावलेल्या निकषांवरच करावी. गृहनिर्माण संस्थेच्या सभेत आक्षेप निघाल्यास एका सभासदाने ठामपणे बाजू मांडली, तरी फरक पडतो. नोकरी देणाऱ्याने पात्रतेसोबतच प्रसाधनगृह आणि हजेरीपटावरील नाव यांचाही आधीच विचार करावा.

कागदपत्रे : ओळख-प्रमाणपत्र जिल्हाधिकारी देतात. त्यासाठीचे राष्ट्रीय पोर्टल नोव्हेंबर २०२०मध्ये सुरू झाले. ज्यांना अर्ज भरणे अवघड जाते, त्यांना मदत करावी किंवा कार्यालयात सोबत जावे.

टिंगल : रेल्वेच्या डब्यात वा रुग्णालयाच्या रांगेत कोणाची थट्टा होत असेल, तर गप्प राहणे हीसुद्धा एक प्रकारे संमतीच ठरते. शांतपणे विरोध नोंदवावा. प्रसंग हातघाईवर येण्याची चिन्हे असल्यास त्या व्यक्तीजवळ थांबावे आणि पोलिसांना कळवावे.

कुटुंब : सर्वांत मोठा आधार घराचा असतो. मुलाने वा मुलीने आपली वेगळी ओळख सांगितल्यावर आई-वडिलांनी तिचे म्हणणे ऐकून घ्यावे, शिक्षण थांबवू नये आणि घराचे दार बंद करू नये. नातेवाइकांनीही ‘लोक काय म्हणतील’ या चिंतेत भर न घालता पालकांच्या पाठीशी उभे राहावे. शिक्षण सुटले आणि घर तुटले, की पुढे उदरनिर्वाहासाठी फारच थोडे मार्ग उरतात.