मान दुखते की मन? मोबाइलवरचा निरोप आणि वाक्याच्या तीन अटी

आजचा विषय तुमच्या खिशातच आहे : मोबाइलवरच्या निरोपांची भाषा. मागच्या व्याख्यानानंतर चहा घेताना एक बाई मला म्हणाल्या, "सर, ही मुलं अर्धे अर्धे शब्द लिहून भाषेचं वाटोळं करतायत. तुम्ही यावर बोलाच." तर बोलतो. पण आरोपी कोण, ते आधी नीट पाहू या.

संक्षेप हा मोबाइलचा शोध नाही, बरं का. माझे वडील पत्राची सुरुवात 'ती. दादांस शि. सा. न. वि. वि.' अशी करायचे. शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष. शेवटी 'क. लो. अ.', म्हणजे कळावे, लोभ असावा. आणि काही राहिलंच तर 'ता. क.'. यात कुणाला उद्धटपणा दिसला नाही. तारेत तर शब्दाला पैसे पडायचे, त्यामुळे मृत्यूची बातमीसुद्धा मोजून मापून लिहिली जायची.

आणखी मागे जा. ज्याला आपण व्याकरणाचा महामेरू म्हणतो, तो पाणिनी हा संक्षेपाचाही महामेरू आहे. 'अच्' म्हटलं की सगळे स्वर, 'हल्' म्हटलं की सगळी व्यंजनं. जवळपास ४००० सूत्रांत त्याने संस्कृत भाषा बांधून ठेवली. अर्धी मात्रा वाचली तरी वैयाकरणाला मुलगा झाल्याचा आनंद होतो, असं आपल्याकडे गमतीने म्हणतात. तेव्हा थोडक्यात लिहिणं हा गुन्हा नाही.

मग अडचण कुठे आली? थोडं यंत्राकडे बघू या. पहिला एसेमेस ३ डिसेंबर १९९२ ला ब्रिटनमध्ये गेला, नाताळच्या शुभेच्छांचा. एका एसेमेसमध्ये १४० बाइट एवढीच जागा. इंग्रजी अक्षराला ७ बिट लागतात, म्हणून १६० अक्षरं बसतात. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला १६ बिट लागतात, म्हणून फक्त ७०. त्यात काना, मात्रा, अनुस्वार हे सगळे वेगळे मोजले जातात. म्हणजे बघा, तेवढ्याच पैशांत मराठीला निम्म्याहून कमी जागा! शिवाय सुरुवातीच्या बऱ्याच फोनवर देवनागरी नव्हतीच. मग लोक मराठी रोमन अक्षरांत लिहू लागले. ती गरज होती. आज जागेची अडचण राहिली नाही, कळफलकही आहे. गरज गेली, सवय मात्र राहिली.

आता माझ्या विषयाकडे येतो. शब्द एकत्र आले की वाक्य कधी होतं? अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'त तीन अटी सांगितल्या आहेत : आकांक्षा, योग्यता आणि संनिधी. त्या आपण मोबाइलला लावून पाहू.

आकांक्षा म्हणजे एका शब्दाला दुसऱ्याची असलेली अपेक्षा. 'गाय, घोडा, माणूस, हत्ती' हे वाक्य नव्हे, कारण इथे कुणाला कुणाची गरज नाही. आता हा निरोप बघा : 'उद्या ५ डॉक्टर रिपोर्ट आई'. रिपोर्ट आणायचे आहेत की दाखवायचे आहेत? आईला न्यायचं आहे की आई आणणार आहे? पाच वाजता की पाच रिपोर्ट? एक क्रियापद वाचवलं आणि तीन फोन करावे लागले.

योग्यता म्हणजे अर्थाचा मेळ. 'अग्नीने शिंपतो' हे व्याकरणाने बरोबर आहे, पण अग्नीने शिंपता येत नाही. आमच्या घरी एकदा निरोप आला, 'मी भाऊ कुकरला लावलाय.' भात लिहायचा होता, फोनने परस्पर भाऊ केला. पण ही चूक निरुपद्रवी आहे. इतकी उघड की वाचणारा हसतो आणि स्वतःच दुरुस्त करून घेतो.

संनिधी म्हणजे जवळीक. शब्द लागोपाठ यायला हवेत. एक शब्द आत्ता आणि दुसरा प्रहरानंतर उच्चारला, तर वाक्यार्थ कळत नाही. शेकडो वर्षांपूर्वीचं हे उदाहरण आज रोज घडतं. कुटुंबाच्या ग्रुपवर येतं, 'बाबांना हॉस्पिटलमधून'. मग दहा मिनिटं शांतता. मध्ये कुणीतरी फुलांचं 'सुप्रभात' टाकतं. नंतर येतं, 'घरी आणलं, बरे आहेत'. त्या दहा मिनिटांत परगावच्या लेकीचं काय झालं असेल?

पण खरा धोका या तिन्हींच्या पलीकडे आहे. तिन्ही अटी पूर्ण होतात आणि तरी अर्थ दोन निघतात. पतंजलीने व्याकरणाची पाच प्रयोजनं सांगितली, त्यांत 'लघु' आहे आणि लगेच 'असंदेह'ही आहे. तिथे लघु म्हणजे शब्दज्ञानाचा सोपा मार्ग. पण मला ती जोडी इथेही उपयोगी वाटते : थोडक्यात लिहा, पण संदेह ठेवू नका.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. माझे एक जुने स्नेही आहेत. पत्नी गेल्यानंतर एकटेच राहतात. एका रात्री त्यांचा रोमन अक्षरांत निरोप आला. मी वाचलं, 'मान दुखते'. मी लगेच तत्परतेने उत्तर दिलं, 'उशी बदला, गरम पाण्याने शेका.' त्यांनी अंगठा पाठवला. दोन दिवसांनी भेटलो, मानेची चौकशी केली. ते हसले आणि म्हणाले, "मान नव्हे हो, मन." रोमनमध्ये दोन्ही एकच. क्रियापदही दोन्हीकडे 'दुखते'. फक्त एका कान्याचा फरक. चूक त्यांची होती, असं मी बराच काळ स्वतःला सांगत होतो. पण मी तरी का विचारलं नाही? संदेह दूर करणं हे वाचणाऱ्याचंही काम आहे.

उलट बाजूही सांगतो. मी नातीला लिहिलं, 'ठीक आहे.' तिने विचारलं, "आजोबा, रागावलात का?" का, तर मी पूर्णविराम दिला होता! तिच्या पिढीत एवढ्याशा निरोपापुढचा पूर्णविराम म्हणजे दार आपटणं. विट्गेनश्टाइन म्हणतो तसं, शब्दाचा अर्थ त्याच्या वापरात असतो. चिन्हाचाही तसाच. नियम तिलाही आहेत, फक्त ते मला माहीत नव्हते.

तेव्हा त्या बाईंना माझं उत्तर असं. मुलांना संक्षेप करू द्या. 'शि. सा. न. वि. वि.' चाललं, तर त्यांचंही चालेल, कारण घेणाऱ्याला ते ठाऊक असतं. पण औषध, पैसे, वेळ, प्रवास आणि कुणाचं दुःख, या पाच गोष्टींत वाक्य पूर्ण लिहा, शक्यतो देवनागरीत, आणि एकाच निरोपात. पाठवण्याआधी एकदा वाचा, पण आपल्या डोळ्यांनी नाही, समोरच्याच्या.

माझे स्नेही आता मला देवनागरीत लिहितात. आणि मान दुखते असं आलं, तरी मी हल्ली फोनच करतो.