प्रभामंडलांच्या शिरगणतीतून गुरुत्वाकर्षणाची परीक्षा

कागल : आइन्स्टाइनच्या गुरुत्वाकर्षणाला पर्याय शोधण्याचा विचार कोल्हापूर जिल्ह्याला परका नाही. कोल्हापुरात १९३८ साली जन्मलेले दिवंगत शास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर यांनी फ्रेड हॉईल यांच्यासमवेत १९६४ मध्ये असाच एक सिद्धांत मांडला होता. आजचे पर्यायी सिद्धांत त्याहून निराळे आहेत. त्यांची कसोटी मात्र वरकरणी साध्या प्रश्नावर लागते : विश्वात कृष्णद्रव्याची प्रभामंडले किती?

कृष्णद्रव्य प्रकाश देत नाही, अडवतही नाही. ते केवळ गुरुत्वाकर्षणातून जाणवते. नेहमीच्या द्रव्याच्या ते सुमारे पाचपट आहे. बहुतेक दीर्घिका त्याच्या विस्तीर्ण गोळ्यांत वसलेल्या आहेत. या गोळ्याला प्रभामंडल म्हणतात. प्रभा त्यात नावालाही नाही. लहान मंडले आधी जमली, एकमेकांत मिसळून मोठी झाली. त्यामुळे चित्र या जिल्ह्यासारखेच दिसते : खेडी पुष्कळ, कागल-मुरगूडसारखी गावे मोजकी आणि कोल्हापूरसारखी शहरे त्याहून विरळ.

विश्वाचे प्रसरण वेग घेत असल्याचे १९९८ मध्ये उघड झाले. त्यासाठी अज्ञात ‘कृष्णऊर्जा’ मानण्याऐवजी गुरुत्वाकर्षणाचा नियमच बदलावा, असे काही शास्त्रज्ञांचे मत आहे. त्यांच्या ‘एफ-आर’ सिद्धांतात विरळ प्रदेशातील ओढ एक-तृतीयांशापर्यंत वाढू शकते. सूर्यमालेसारख्या दाट जागी ही वाढ झाकली जाते. साहजिकच तेथील मोजमापांत ती सापडत नाही. प्रभामंडलांत तिला लपणे कठीण. ओढ वाढली की द्रव्य लवकर गोळा होते आणि मोठ्या मंडलांची संख्या झपाट्याने वाढते.

दीर्घिकासमूह म्हणजे अशी सर्वांत मोठी मंडले. २०१९ मध्ये अवकाशात गेलेल्या ‘इरोसिटा’ या क्ष-किरण दुर्बिणीने टिपलेल्या १२ हजारांहून अधिक समूहांची यादी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. खरी अडचण मोजण्यापेक्षा तोलण्याची आहे. क्ष-किरणांतून दिसतो तो तप्त वायू, वस्तुमान नव्हे. ते काढण्यासाठी समूहामागील दीर्घिकांच्या प्रतिमा किती वाकल्या, हे पाहावे लागते. त्यांपैकी पाच हजारांहून अधिक समूहांवर हा हिशेब मांडला असता संख्या आइन्स्टाइनच्या नियमाशी जुळली. पर्यायी सिद्धांताची तीव्र रूपे त्यामुळे बाद ठरली आहेत.

सौम्य रूपे अद्याप शिल्लक आहेत. त्यांचा ठसा लहान मंडलांवरच उमटतो आणि तेथे कृष्णविवरांनी बाहेर लोटलेला वायू हाच हिशेब आणखी अवघड करतो.