गाऊट आणि बिअरचा पेला

परभणी जिल्ह्यातील देवगाव फाट्यावर, वैशाखाच्या उन्हात घसा कोरडा पडलेल्या प्रवाशास थंड बिअरचा मोह व्हावा हे स्वाभाविकच आहे. परंतु गाऊटमुळे ज्याच्या पायाचा अंगठा एखाद्या मध्यरात्री लालबुंद होऊन, पांघरुणाचा स्पर्शही सोसवू नये इतका ठणकला आहे, त्याने त्या मोहाची शहानिशा रसायनशास्त्राकडे केली पाहिजे.

रक्तातील युरिक आम्ल प्रति डेसिलिटर सुमारे 6.8 मिलिग्रॅमच्या पुढे गेले, की त्याचे सुईसारखे स्फटिक सांध्यांत साचू शकतात. बिअरचा अपराध दुहेरी आहे: मद्यार्काने युरिक आम्लाची उत्पत्ती वाढते व मूत्रपिंडांतून होणारा त्याचा निचरा मंदावतो, शिवाय माल्ट व यीस्टमधील प्युरिने, विशेषतः ग्वानोसिन, त्यात भर घालतात, म्हणूनच मद्यार्कविरहित बिअरही सर्वस्वी निर्दोष नव्हे, आणि 2009 साली पुण्यात डूलाली या मायक्रोब्रुअरीने आणलेली ताजी क्राफ्ट बिअरही या नियमास अपवाद नव्हे. चरकसंहितेने वातरक्ताच्या, म्हणजेच गाऊटच्या, कारणांत सुरा व आसव यांची गणना केलीच होती; 2004 साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतील सुमारे 47 हजार पुरुषांच्या 12 वर्षांच्या निरीक्षणातही मद्यांपैकी बिअरचाच संबंध सर्वांत दृढ आढळला.

तुरीचे वरण मात्र निष्कारण बदनाम झाले आहे. वनस्पतिजन्य प्युरिने मांस-मासळीइतकी बाधत नाहीत, आणि साय काढलेले दूध व ताक उपकारकच ठरते. तथापि केवळ पथ्याने युरिक आम्ल फारसे उतरत नाही, तेव्हा औषध परस्पर बंद करू नये. दुखणे उसळले असता बिअर पूर्ण वर्ज्य करावी, आणि एरवीही क्वचित एखादा पेला घ्यायचा तर तो वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावा.