टेकडीवरचें गांव आणि पायथ्याचें पाणी

आपल्याकडील जी मंडळी इंग्लंडला जाऊन येतात, तीं लंडन पाहतात, फार तर ऑक्सफर्ड पाहतात, आणि इंग्लंड पाहिल्याचें समाधान मानतात. परंतु त्या देशाचा खरा जीव त्याच्या जुन्या बाजारगांवांतून आहे. डॉर्सेट परगण्यांतील शाफ्ट्सबरी हें असें एक गांव. समुद्रसपाटीपासून ७०० फुटांहून अधिक उंच टेकडीच्या माथ्यावर तें वसलें असून, खालीं ब्लॅकमोरचें हिरवें खोरें दूरवर पसरलेलें दिसतें.

आल्फ्रेड राजानें इ. स. ८८८ च्या सुमारास येथें ख्रिस्ती संन्यासिनींचा मठ स्थापून आपल्या कन्येस पहिली मठाधिकारिणी नेमलें. पुढें ९७८ सालीं कॉर्फ येथें ज्याचा खून झाला, त्या तरुण एडवर्ड राजाच्या अस्थि ह्या मठांत आणण्यांत आल्या, आणि यात्रेकरूंची रीघ लागली. जेथें यात्रा तेथें बाजार, हें पंढरपूर पाहिलेल्यांस सांगावयास नको. मठ इतका गबर झाला कीं, येथील मठाधिकारिणीनें ग्लॅस्टनबरीच्या महंताशीं लग्न केलें, तर त्यांच्या वारसाची जमीन राजाहून अधिक होईल, अशी थट्टा लोकांत रूढ झाली. ही श्रीमंती १५३९ सालीं आठव्या हेन्रीनें एका फटक्यांत संपविली. आज भिंतींच्या पायांखेरीज तेथें विशेष कांहीं उरलेलें नाहीं. मठाचे दगड गांवकऱ्यांनीं आपल्या घरांस लावले.

परंतु राजे आणि महंत ह्यांच्यापेक्षां आम्हांला ह्या गांवाच्या पाण्याची कथा अधिक मोलाची वाटते. टेकडीचा माथा सच्छिद्र वाळूच्या दगडाचा आहे. पावसाचें पाणी त्यांतून झिरपतें, खालच्या चिकणमातीच्या थरावर अडतें, आणि पायथ्याशीं झऱ्यांच्या रूपानें बाहेर येतें. म्हणजे पाऊस पडावा गांवावर आणि पाणी मिळावें खालच्या लोकांस! एवढें संपन्न गांव, पण पाणी उत्तरेच्या पायथ्याच्या एन्मोर ग्रीन ह्या वस्तींतून कोणी घोड्यावरून, कोणी डोक्यावरून चढवून आणी. गरिबांचा त्यावर चरितार्थ चाले. टॉमस हार्डी ह्यानें १८९५ सालच्या 'ज्यूड दि ऑब्स्क्युअर' कादंबरींत हें गांव 'शॅस्टन' नांवानें आणलें आहे, आणि त्यांतही ही पाणीटंचाई आहेच.

पाण्याचें हें दुःख एकट्या शाफ्ट्सबरीचें नव्हतें. ऑक्सफर्डशायरच्या चिल्टर्न डोंगरांतील स्टोक रो गांवाची तीच दशा. ती एका इंग्रज अधिकाऱ्याच्या तोंडून काशीनरेश ईश्वरीप्रसाद नारायण सिंह ह्यांच्या कानीं गेली, आणि त्यांनीं त्या परक्या गांवास स्वखर्चानें विहीर बांधून दिली. ३६८ फूट खोल ही विहीर हातानें खोदली गेली आणि १८६४ सालीं खुली झाली. वर घुमट आणि रहाटावर हत्ती, अशी ती आजही उभी आहे. इष्टापूर्ताची आपली कल्पना इतक्या दूर जाऊन रुजलेली पाहून कोणास धन्यता वाटणार नाहीं?

शाफ्ट्सबरीनें मात्र शतकानुशतकें पायथ्याच्या लोकांशींच करार पाळला. वर्षांतून एकदां नगराध्यक्षानें गांवकऱ्यांसह वाजतगाजत टेकडी उतरावी, आणि गिलिंगहॅमच्या जहागिरीच्या कारभाऱ्यास हातमोज्यांचा जोड, दोन पाव, एक गॅलन मद्य आणि वासराचें मुंडकें अर्पावें. (शेवटच्या पदार्थाशीं वाचकांनीं डोळे मिटून पुढें जावें.) मिरवणुकींत 'बायझंट' नांवाचा सोनेरी मुलाम्याचा, फिती आणि दागिने यांनीं मढविलेला मानदंड असे. नजराणा चुकला तर पाण्याचा हक्क गेला, अशी अट होती. वर राहणाऱ्यानें वर्षांतून एक दिवस खालीं उतरून, ज्याचें पाणी पितों त्यास मान द्यावा, ही रीत आम्हांला मठाच्या सर्व वैभवाहून थोर वाटली. पुढें सोहळ्याचा डामडौल वाढला, खर्च डोईजड झाला, आणि १८३० च्या सुमारास तो बंद पडला. खर्च कमी करतां आला असता. रीत मोडावयास नको होती.

तो बायझंट आतां गोल्ड हिल ह्या उताराच्या माथ्यावरील संग्रहालयांत आहे. गोल्ड हिल म्हणजे गोट्यांच्या फरसबंदीचा अत्यंत खडा रस्ता. एका बाजूस टेकूंची जुनी भिंत, दुसऱ्या बाजूस उतरत्या छपरांचीं घरें. १९७३ सालीं एका पावाच्या जाहिरातींत सायकल ढकलीत चढणारा मुलगा ह्याच रस्त्यावर दाखविला होता, आणि तेव्हांपासून प्रवाशांची झुंबड ह्या चित्रासाठींच असते. एन्मोर ग्रीनकडे मात्र कोणी फिरकतांना दिसलें नाहीं. आम्ही सहकुटुंब तिकडे उतरलों. परत चढतांना आम्हांला दोनदां थांबून दम घ्यावा लागला. आमच्या कुटुंबाचें माहेर कोंकणांतील डोंगरउतारावरचें. विहीर खालीं आणि घर वर. तें हंसून म्हणालें, "रिकाम्या हातांनीं ही तऱ्हा! दोन हंडे घेऊन चढून पाहावें एकदां."